ऑटोमॅटिक गाडीतलं ओव्हरड्राइव्ह आणि पॉवर मोड : बटण कधी दाबायचं, कधी सोडायचं

घाटमाथा

सेकंड हँड बाजारात चार गिअरच्या ऑटोमॅटिक मारुती सध्या बऱ्याच येतात. २०२२ पर्यंतच्या एर्टिगा आणि एक्सएल६, २०२० ते २०२२ मधली ब्रेझा, शिवाय सियाझ. लिव्हरवर अंगठ्याखाली एक छोटं बटण असतं. विकणारा त्याबद्दल काही बोलत नाही आणि घेणारा विचारत नाही. इथे वेगवेगळ्या धाग्यांवर त्याच बटणाचे प्रश्न येत राहतात, म्हणून एकाच ठिकाणी लिहितो.

पहिली गोष्ट दिव्याची. बटण दाबलं की मीटरमध्ये 'ओ/डी ऑफ' असा दिवा लागतो. दिवा लागलेला असताना ओव्हरड्राइव्ह बंद असतं, विझलेला असताना चालू. सपाट रस्त्यावर रोजच्या वापरात हा दिवा कधीच लागलेला नको. चुकून धक्का लागून बटण दाबलं जातं आणि लोक दिवसभर तशीच गाडी चालवतात, मग "गाडी आवाज करते, अ‍ॅव्हरेज पडलं" म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात.

ह्या गिअरबॉक्सचे रेशो असे: पहिला २.८७५, दुसरा १.५६८, तिसरा १.०००, चौथा ०.६९७. तिसऱ्यात इंजिनचा आणि बाहेर जाणारा शाफ्ट एकाच गतीने फिरतात. चौथ्यात बाहेरचा शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरतो, तोच ओव्हरड्राइव्ह. चौथ्यात इंजिन २,५०० आरपीएमवर असेल तर तेवढ्याच वेगाला तिसऱ्यात ते सुमारे ३,६०० वर जाईल. म्हणजे फेरे ४३ टक्के जास्त. सपाट हायवेवर त्याचा उपयोग शून्य, पण चढावर आणि उतारावर नेमकी तीच गोष्ट हवी असते.

बटण फक्त चौथा गिअर काढून घेतं. पहिला, दुसरा, तिसरा हे गाडी स्वतःच बदलत राहते. लिव्हर 'डी' वरच राहू द्यायचा.

आता मुद्दा. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला मुख्यतः दोन गोष्टी कळतात: अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय आणि गाडीचा वेग किती. पुढे वळण आहे, चढ अजून २ किमी आहे, समोर उसाचा ट्रॅक्टर रांगतोय, हे त्याला दिसत नाही. तुम्हाला दिसतं. खंबाटकीसारख्या चढावर ५५–६० च्या वेगात काय होतं बघा. तुम्ही जरा पाय हलका केला की त्याला वाटतं आता जोर नको, तो चौथा टाकतो. चौथ्यात गाडी ओढत नाही, वेग पडतो, तुम्ही पाय दाबता, तो परत तिसरा टाकतो. दर पंधरा-वीस सेकंदांनी हेच. अशा वेळी ओ/डी बंद करा, तिसरा धरून ठेवेल. चढ संपला की चालू करा.

रानजाई

छान धागा. काही नेमके प्रश्न, उत्तर दिलं तर बरं होईल. बटण चालत्या गाडीत दाबायचं का? अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा का? वेगाची काही मर्यादा? आणि इंजिन बंद करून परत चालू केलं तर ओ/डी ऑफ तसंच राहतं का?

घाटमाथा

@रानजाई, चालत्या गाडीतच दाबायचं. थांबायची गरज नाही, पाय पूर्ण उचलायचीही नाही, जरा स्थिर ठेवला तरी पुरे. गाडी चौथ्यात असेल तर अर्ध्या-एक सेकंदात तिसरा पडतो आणि आरपीएमचा काटा चढतो. आधीच तिसऱ्यात किंवा खाली असेल तर काहीच जाणवणार नाही, फक्त दिवा लागेल.

वेगाचं म्हणाल तर दाबण्याआधी मनात एक हिशोब करायचा: आत्ता जेवढे आरपीएम आहेत त्याच्या जवळजवळ दीडपट होणार. ३,००० असतील तर ४,३०० होतील. पेट्रोल इंजिनाला ते चालतं, पण ताशी १०० च्या पुढे असताना बटण दाबायचं कारणच सहसा नसतं. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असलेला गिअरबॉक्स इंजिन मर्यादेबाहेर फिरेल असा गिअर टाकत नाही, तरी त्याच्यावर विसंबून राहू नका.

इंजिन बंद केलं की ह्या मारुतींत ओव्हरड्राइव्ह आपोआप परत चालू होतं. जुन्या टोयोटांत मात्र बटण आत-बाहेर होणारं असायचं. बाहेर आलेलं बटण म्हणजे बंद, आणि ते गाडी बंद केली तरी तसंच राहायचं. जुनी कोरोला वगैरे चालवत असाल तर बसल्यावर आधी मीटर बघा.

स्पॅनर१२

चढावरच्या ह्या सततच्या गिअर बदलाबद्दल थोडं अधिक. नुसतं कंटाळवाणं आहे म्हणून ते टाळायचं नसतं. प्रत्येक बदलात एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो, आणि पकडताना क्षणभर घसरतो. त्यात टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचा, लॉक-अप क्लच सुटतो. लॉक-अप असताना इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडलेले असतात, तो सुटला की सगळी ताकद ऑइलमधून जाते आणि ऑइल घुसळून तापतं. तापलेलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) हा ऑटोमॅटिकचा खरा शत्रू.

एटीएफचं नेहमीचं तापमान ८० ते ९५ अंश सेल्सिअस. ह्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे: ८० च्या पुढे दर १० अंशांना ऑइलचं आयुष्य अर्धं होतं. ठोकताळाच आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. ऑइल करपलं की आधी क्लचचं अस्तर चिकट-चमकदार होतं, मग घसरतं, मग गिअर उशिरा आणि धक्का देऊन पडायला लागतो. गेज (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढून बघितलं आणि ऑइल लालसर ऐवजी गडद तपकिरी दिसलं, करपल्याचा वास आला, तर काम वाढलंय समजा.

म्हणून चढावर तिसरा धरून ३,००० ते ३,५०० वर शांतपणे चढणारी गाडी चौथ्या-तिसऱ्यात झुलणाऱ्या गाडीपेक्षा थंड राहते. आवाज जास्त येतो म्हणून लोक घाबरतात. आवाजाने इंजिनाला काही होत नाही.

कृष्णाकाठ

सहमत, पण सगळ्या चढांना ओ/डी ऑफ पुरत नाही. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाट घ्या, किंवा आंबेनळीत पोलादपूरकडून वर या. वळणावर वेग २५–३० वर येतो, तिथे तिसरा गिअरही जड. गाडी स्वतः दुसरा टाकते, वळण संपताच तिसरा टाकते, पुढच्या वळणावर परत दुसरा. म्हणजे चौथ्या-तिसऱ्याचा खेळ थांबवला तर तिसऱ्या-दुसऱ्याचा सुरू होतो. अशा ठिकाणी लिव्हर सरळ '२' वर घ्या. पहिला आणि दुसराच वापरेल. 'एल' मध्ये फक्त पहिला, तो अगदी खड्या रॅम्पसाठी किंवा मातीच्या चढासाठी ठेवा.

उंचीचाही भाग आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला साधारण १० टक्के कमी होते. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. एर्टिगाचं १०५ पीएसचं इंजिन तिथे नव्वदीच्या आसपास उरतं. त्यात सात माणसं आणि एसी. त्यामुळे खाली ज्या चढावर चौथा चालायचा तसाच चढ वर तिसरा मागतो. गाडी बिघडलेली नसते.

स्पॅनर१२

बरोबर. एसीबद्दल एवढंच जोडतो की खड्या चढावर एसी बंद करण्याआधी गिअर खाली घ्या. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

इंद्रायणी_तीर

उतारावर ओ/डी बंद करायचं का? आमच्याकडचे काही जण म्हणतात उतारावर आरपीएम वाढवून फुकट पेट्रोल जाळायचं कशाला, त्यापेक्षा 'एन' (न्यूट्रल) मध्ये टाकून सोडून द्यावी.

घाटमाथा

उतारावर ओ/डी बंद करणं हा चढापेक्षाही मोठा उपयोग आहे. आणि 'एन' मध्ये गाडी सोडणं ही घाटातली सगळ्यात धोक्याची सवय.

आधी पेट्रोलचं. आजच्या कुठल्याही फ्युएल इंजेक्शन गाडीत तुम्ही गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचललात की इंजेक्टर पेट्रोल देणं बंद करतात. इंजिन चाकांमुळे फिरत असतं, त्याला पेट्रोल लागतच नाही. आरपीएम खाली येऊन आयडलच्या जरा वरच्या टप्प्यावर पोचले की पेट्रोल परत सुरू होतं. म्हणजे तिसऱ्यात ३,००० आरपीएमवर उतरणारी गाडी शून्य पेट्रोल घेते, तर चौथ्यात हळू उतरणारी गाडी त्या टप्प्याच्या खाली येऊन परत पेट्रोल घ्यायला लागते. 'एन' मध्ये टाकलेली गाडी तर पूर्ण वेळ आयडलिंगचं पेट्रोल जाळते. बचतीचा हिशोब नेमका उलटा आहे.

आता ब्रेकचं. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना गाडी साधारण सव्वा हजार मीटर खाली येते. भरलेली एर्टिगा १,६०० किलो धरली तर तेवढ्या उंचीची ऊर्जा सुमारे २ कोटी ज्यूल, म्हणजे साडेपाच युनिट वीज. २ किलोवॉटचा गिझर पावणेतीन तास चालवण्याएवढी उष्णता. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध यातला काही वाटा घेतो. उरलेली एकतर इंजिनाने खायची किंवा चार चाकांच्या ब्रेकनी. ओ/डी चालू ठेवून, चौथ्यात, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर सगळी ब्रेकमध्ये जाते.

ब्रेक ऑइल डॉट ३ असेल तर नवीन असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी शोषलेल्या ऑइलचा किमान १४० अंश. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. ऑइल हवेतली वाफ शोषतं, कोकणात तर अधिकच. दोन वर्षं न बदललेल्या ऑइलमध्ये घाटात बुडबुडे झाले की पेडल मऊ होऊन खाली जातं. बुडबुडे दाबले जातात, ब्रेक दाबले जात नाहीत. ऑइल दर दोन वर्षांनी बदलाच.

पद्धत अशी: घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच ओ/डी बंद करा. वेग तरी वाढतच असेल तर ब्रेक मारून आधी वेग कमी करा, मग '२'. ब्रेक सतत चिकटवून ठेवू नका. ठाम दाबा, वेग हवा त्यापेक्षा १० ने कमी करा, सोडा, परत वाढू द्या. दोन दाबांमध्ये डिस्कला वारा लागला पाहिजे.

स्पॅनर१२

'एन' बद्दल आणखी एक. गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो. 'एन' मध्ये इंजिन आयडलवर, पंप हळू, पण चाकांमुळे गिअरबॉक्सचा बाहेरचा भाग मात्र ७०–८० च्या वेगाने फिरत असतो. वंगण कमी आणि फिरणं जास्त. आणि खाली आल्यावर चालत्या गाडीत 'एन' वरून 'डी' टाकलं की क्लचला तो फरक एका झटक्यात भरून काढावा लागतो.

वन-वे क्लचचीही गंमत समजून घ्या. बऱ्याच चार-गिअर ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर 'डी' वर असताना पहिला गिअर, आणि काहींत दुसराही, वन-वे क्लचवर चालतो. तो एकाच दिशेने पकडतो. इंजिन चाकांना ओढतं तेव्हा पकडतो, चाकं इंजिनाला ओढायला लागली की सुटतो. म्हणून 'डी' मध्ये गाडी दुसऱ्यात असूनही उतारावर इंजिन ब्रेकिंग मिळत नाही असं होतं. लिव्हर '२' वर टाकला की वेगळा कोस्ट ब्रेक लागतो आणि तोच दुसरा गिअर गाडीला धरून ठेवतो. 'एल' मध्ये पहिल्यासाठी तसंच. "मीटरवर तर दुसराच दिसतोय मग लिव्हर कशाला हलवायचा" ह्याचं उत्तर हे.

रानजाई

पावसात हे सगळं असंच? आंबोलीत जुलैमध्ये धुकं, ओला रस्ता, शेवाळ.

कृष्णाकाठ

@रानजाई, तत्त्व तेच, पण वेळ महत्त्वाची. ओ/डी बंद केल्यावर इंजिन ब्रेकिंग फक्त ड्राइव्हच्या चाकांवर येतं, ह्या गाड्यांत पुढच्या. वळणाच्या मधोमध, स्टिअरिंग वळवलेलं असताना बटण दाबलं किंवा '२' टाकला तर पुढची चाकं एकदम अडतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळणाबाहेर सरळ जायला बघते. एबीएस ब्रेकच्या घसरण्यावर काम करतं, इंजिन ब्रेकिंगने आलेल्या घसरणीवर नाही. म्हणून गिअर नेहमी वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. आणि पूर्ण घाट त्याच गिअरमध्ये काढा, दर वळणाला बटणाशी खेळू नका.

चढताना ओल्यात उलट. चाकं जागेवर फिरायला लागली तर एक गिअर वर बरा. '२' वरून 'डी' घ्या, ओ/डी बंदच राहू द्या, आणि पाय हलका.

सह्यकडा

पॉवर मोडबद्दल कोणी लिहाल का? इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिकला डॅशबोर्डवर इको आणि पॉवर अशी दोन बटणं आहेत. ओ/डी बटण नाही. मग घाटात पॉवर मोड म्हणजेच ओ/डी ऑफ समजायचं का?

घाटमाथा

नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो.

ओ/डी ऑफ वरचा गिअर काढून घेतं. पॉवर मोड कुठलाही गिअर काढत नाही, फक्त गिअर कधी बदलायचा ते वेळापत्रक बदलतो. नेहमीच्या मोडमध्ये अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरला जो गिअर २,००० ला बदलेल तो पॉवरमध्ये २,६०० पर्यंत थांबेल, असं काहीसं. खालचा गिअर लवकर टाकतो, वरचा उशिरा. लॉक-अपच्या वेळाही त्यानुसार सरकतात.

नव्वदीच्या दशकातल्या टोयोटांत 'ईसीटी पीडब्ल्यूआर' नावाचं बटण असायचं, लँड क्रूझर, हायलक्स सर्फ वगैरे. त्यात थ्रॉटलला केबल होती, त्यामुळे ते बटण फक्त गिअर बदलायचे टप्पे हलवायचं. आजच्या गाडीत थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, त्यामुळे पॉवर मोड पेडलचा नकाशाही बदलतो. तुम्ही ३० टक्के पेडल दाबलं तर इंजिनाला त्याहून बरीच जास्त मागणी जाते. म्हणून गाडी "हलकी" वाटते.

इंजिनाची कमाल ताकद तेवढीच राहते. क्रिस्टाचं २.८ डिझेल इंजिन १७४ पीएस देतं, पॉवर मोड दाबला म्हणून १८० देत नाही. पेडल पूर्ण तळाला दाबलं की दोन्ही मोडमध्ये जवळपास सारखंच पळते. फरक अर्ध्या पेडलला आहे, आणि रोजचं चालवणं अर्ध्या पेडललाच असतं.

पॉवर मोड कुठे वापरावा: दोन पदरी रस्त्यावर ओव्हरटेकच्या चार-पाच सेकंद आधी. गिअर आधीच खाली आलेला असतो, त्यामुळे पाय दाबल्यावर किकडाऊनची, म्हणजे खालचा गिअर पडायची, वाट बघावी लागत नाही. भरलेल्या गाडीने घाट चढताना. सर्व्हिस रोडवरून हायवेला शिरताना. शहरात नको, ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटरच्या खेळात झटके बसतात. ओल्या, निसरड्या रस्त्यावर तर मुळीच नको, कारण पेडलचा जो हलका हात हवा तोच नकाशाने घालवलेला असतो.

उतारावर पॉवर मोडचा भरवसा धरू नका. पाय उचललेला असताना नकाशाला करण्यासारखं फारसं काही उरत नाही. तिथे क्रिस्टा-फॉर्च्युनरला लिव्हरची 'एस' जागा वापरा, तिथे गिअर तुम्ही ठरवता.

स्पॅनर१२

क्रिस्टाच्या सहा गिअर बॉक्सचे रेशो समजले की 'एस' सोपं होतं: ३.६००, २.०९०, १.४८८, १.०००, ०.६८७, ०.५८०. म्हणजे पाचवा आणि सहावा दोन्ही ओव्हरड्राइव्ह. जुन्या गाडीतलं ओ/डी ऑफ म्हणजे ह्यातलं 'एस ४'. सहाव्यात १,६०० आरपीएम असतील तर पाचव्यात सुमारे १,९०० आणि चौथ्यात २,७६० होतील. म्हणून वेगात असताना सहाव्यावरून सरळ चौथ्याला जाऊ नका, एकेक करत या.

'एस' मध्ये आकडा दिसतो त्याचा अर्थ गाडीगणिक बदलतो. काहींत 'एस ४' म्हणजे चौथाच गिअर. काहींत 'एस ४' म्हणजे चौथ्यापर्यंत कुठलाही, गरजेप्रमाणे तिसरा-दुसराही टाकेल. मॅन्युअलमध्ये शिफ्ट रेंज असा शब्द असेल तर दुसरा प्रकार. चढावर दोन्ही चालतात, पण उतारावर पहिल्या प्रकारात गिअर तुम्हालाच खाली घ्यावा लागतो.

डेट्रॉईटकर

इकडे अमेरिकेत पिकअप आणि एसयूव्हीला ट्रेलर लावून चालवणारे खूप, त्यामुळे ओ/डी आणि टो/हॉल (जड ओझं ओढण्यासाठीचा मोड) बटण रोजच्या बोलण्यात असतं. इथल्या मराठी मंडळींपैकी बोट किंवा कॅम्पर ओढणाऱ्यांसाठी थोडंसं.

जुन्या चार-गिअर गाड्यांत ट्रेलर असेल तर ओ/डी बंद ठेवणं हा नियमच. जीएमच्या ४एल६०ई मध्ये चौथा ०.६९६, तिसरा १.०००. ओढताना चौथ्यात टाकलं की लॉक-अप लागतो-सुटतो, आणि ३-४ चा क्लच पॅक हा त्या बॉक्सचा ओळखीचा कच्चा दुवा. टो/हॉल मोड त्याहून पुढचा आहे. तो गिअर उशिरा बदलतो, गिअर पकडताना ऑइलचा दाब वाढवतो म्हणजे क्लच कमी वेळ घसरतात, आणि बऱ्याच गाड्यांत उतारावर ब्रेकला पाय लावताच स्वतः खालचा गिअर टाकतो. हा शेवटचा भाग पॉवर मोडमध्ये सहसा नसतो, म्हणून टो/हॉल आणि पॉवर एकच समजू नका. ट्रेलर नसताना टो/हॉल चालू ठेवू नका, उगाच झटके.

ओढणाऱ्यांनी गिअरबॉक्सला वेगळा एटीएफ कूलर बसवावा. रेडिएटरमधला कूलर फक्त गाडीच्या वजनाचा विचार करून दिलेला असतो.

इंद्रायणी_तीर

पॉवर मोड आणि ओ/डी ऑफ दोन्ही असलेल्या गाडीत दोन्ही एकदम चालू केले तर चालतं का?

डेट्रॉईटकर

चालतं. भरलेल्या गाडीने लांब चढावर ते योग्यही आहे: ओ/डी ऑफ वरची मर्यादा ठरवतं, पॉवर खालच्या गिअरना जास्त वेळ धरतं. सपाट रस्ता आला की दोन्ही काढा, आधी ओव्हरड्राइव्ह परत चालू करा.

घाटमाथा

माझं मत थोडं वेगळं. भारतातल्या घाटात वेग इतका कमी असतो की ओ/डी ऑफ किंवा '२' पुरतं, वरून पॉवर लावला की हेअरपिन वळणात पेडल नको तेवढं तापट होतं. अमेरिकेतल्या लांब, सरळ, ९०–१०० च्या चढाला तुमचं म्हणणं पटतं.

डेट्रॉईटकर

@घाटमाथा, वळणांच्या घाटाबद्दल मान्य.

सह्यकडा

सीव्हीटी आणि हायब्रिडवाल्यांनी काय करायचं?

स्पॅनर१२

सीव्हीटीत गिअरच नाहीत, पट्टा पुलींवर सरकतो. ओव्हरड्राइव्हचा भाग रेशोच्या एका टोकाला असतो. 'एस' टाकलं की तो टोकाला जाऊ देत नाही, आरपीएम वर ठेवतो. 'एल' त्याहून जास्त. घाट उतरताना 'एस', खडा उतार असेल तर 'एल'. सीव्हीटीत फक्त सीव्हीटी फ्लुइड, एटीएफ चुकूनही नाही.

हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला लिव्हरवर उतारासाठी 'बी' जागा आहे. लांब उतारावर आधी बॅटरी चार्ज होते आणि गाडी छान धरली जाते. बॅटरी भरली की मोटरला वीज ठेवायला जागा नाही, मग इंजिन फिरवून ताकद खाल्ली जाते आणि आवाज एकदम वाढतो. तो बिघाड नाही. डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आणि एएमटीला (आपोआप बदलणारा साधा गिअरबॉक्स) मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरा, बाकी तेच.

रानजाई

एक राहिलं. सकाळी थंड गाडी काढली की पहिले दोन-तीन किमी चौथा पडतच नाही असं वाटतं. बटण तर दाबलेलं नाही.

घाटमाथा

ते ठीक आहे. कूलंट गरम होईपर्यंत बऱ्याच गाड्या ओव्हरड्राइव्ह आणि लॉक-अप दोन्ही देत नाहीत, म्हणजे इंजिन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापतात. तापमानाचा काटा किंवा निळा दिवा गेल्यावरही चौथा पडला नाही तर मात्र बघायला हवं. आधी थर्मोस्टॅट. तो उघडा अडकला असेल तर इंजिन तापतच नाही, आणि लोक गिअरबॉक्सला दोष देतात.

कृष्णाकाठ

आणि ओ/डी ऑफचा दिवा लुकलुकत असेल तर? कोणी सांगत होतं बटण खराब झालंय.

स्पॅनर१२

स्थिर दिवा म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद. लुकलुकणारा दिवा म्हणजे जुन्या टोयोटा, निस्सान, फोर्ड वगैरेंत गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर दोष सांगतोय. बटणाशी खेळून तो जात नाही. गाडी एकाच गिअरमध्ये अडकल्यासारखी चालेल, सिग्नलवरून उठताना जड वाटेल. तशी गाडी घाटात घालू नका.

ओबीडी-२ स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावता येत असेल तर कोड बघा. पी०७५० म्हणजे पहिला शिफ्ट सोलेनॉइड (गिअर बदलणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), पी०७५५ दुसरा, पी०७४० लॉक-अपचा, पी०७१० ऑइलच्या तापमानाचा सेन्सर, पी०५०० गाडीच्या वेगाचा सेन्सर.

ओबीडी-२ च्या आधीच्या टोयोटांत स्कॅनर लागत नाही. बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीचं झाकण उघडा, इग्निशन चालू करा पण इंजिन नको, लिव्हरवरचं ओ/डी बटण चालू स्थितीत ठेवा म्हणजे दिवा स्थिर लागलेला नसेल. आता टीई१ आणि ई१ ह्या दोन पिना छोट्या वायरने जोडा. बाकी कुठल्याही पिनेला वायर लागू देऊ नका. दिवा एकसारखा भराभर लुकलुकत राहिला तर कोड नाही. थांबून थांबून लुकलुकला तर मोजा: सहा वेळा, विश्रांती, दोन वेळा म्हणजे ६२. ४२ आणि ६१ वेगाच्या सेन्सरचे, ६२ आणि ६३ शिफ्ट सोलेनॉइडचे, ६४ लॉक-अप सोलेनॉइडचा.

कोड आला म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवायला देऊ नका. हे कोड विजेच्या जोडणीचे आहेत. आधी गिअरबॉक्सच्या अंगावरचा कनेक्टर काढून बघा, आत ऑइल किंवा हिरवी गंज आहे का. मग सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. तो बरोबर असेल तर वायरिंग कुठे घासलंय ते शोधा, बहुतेक वेळा ब्रॅकेटच्या कडेला. सोलेनॉइड बदलायचाच झाला तर बऱ्याच बॉक्समध्ये ऑइल पॅन काढला की हाताला लागतो, पूर्ण गिअरबॉक्स खाली घ्यावा लागत नाही.

रानजाई

गेजने एटीएफ तपासायची नेमकी पद्धत पण लिहा ना, चार-गिअर मारुतीसाठी.

स्पॅनर१२

गाडी ८–१० किमी चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. इंजिन आयडलवर चालू. ब्रेक दाबून लिव्हर 'पी' पासून 'एल' पर्यंत प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबवत न्या आणि परत 'पी' ला आणा. इंजिन चालूच ठेवून गेज काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. 'हॉट' च्या दोन खुणांमध्ये हवं. इंजिन बंद करून मोजलं तर पातळी खोटी दिसते.

कमी असेल तर गेजच्या नळीतूनच बारीक नळीच्या नरसाळ्याने थोडं थोडं घाला, मॅन्युअलमध्ये दिलेल्याच ग्रेडचं. जास्त झालं तर फेस होतो आणि तोही क्लच घसरवतो, म्हणून खुणेच्या वर गेलं तर काढून टाका. बदलताना खालच्या बोल्टमधून साधारण ३ ते ४ लिटरच निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. निघालेलं मापट्यात मोजा, तेवढंच नवीन घाला, १,००० किमीनंतर परत एकदा तसंच करा. घाटातला वापर जास्त असेल तर ४०,००० किमीला करून घेत जा.